मत नेत्याला, नकार मागणीला

एखाद्या समाजाने एका माणसाला तब्बल ५६ वर्षे महापौर म्हणून निवडून द्यावे, ४८ वर्षे खासदार म्हणून निवडून द्यावे, त्याच्या अंत्ययात्रेला सारे बेट रस्त्यावर यावे. आणि त्याच माणसाच्या पक्षाची जी मुख्य मागणी, ती मात्र मतपेटीत बुडवावी, असे घडू शकते काय? घडू शकते. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक नावाच्या छोट्याशा बेटावर ते घडले. क्षेत्रफळ अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास, लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा हा मुलूख. पण तिथल्या मार्टिनिक पुरोगामी पक्षाचा इतिहास चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी नजरेखालून घालावा, असे आम्हाला वाटते.

हे बेट १६३५ पासून फ्रान्सच्या ताब्यात गेले. उसाची लागवड करायची म्हणून आफ्रिकेतून माणसे साखळदंडात बांधून आणली. १८४८ च्या मे महिन्यात गुलामांनी उठाव केला, तेव्हा पॅरिसहून मुक्तीचा हुकूम येण्याची वाटही न पाहता तिथल्या गव्हर्नरला २३ मे रोजी गुलामगिरी संपल्याचे जाहीर करावे लागले. ७० हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे काय? पुढच्या वर्षी, १८४९ मध्ये, फ्रान्सने कायदा करून नुकसानभरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना! ज्यांच्या पाठीवर कोरडे ओढले गेले त्यांच्या हाती ना जमीन आली ना दमडी. मळे, साखर कारखाने, रमच्या भट्ट्या आणि पुढे आयात-निर्यातीचा व्यापार हे सारे मूठभर गोऱ्या घराण्यांच्या हाती राहिले. या घराण्यांना तिथे 'बेके' म्हणतात. आपसातच सोयरीक करणारी, रक्ताची शुद्धता जपणारी ही जमात. आमच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

मुक्त झालेले गुलाम मळ्यावर राबायला तयार होईनात, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. १८५३ पासून सुमारे तीस वर्षांत २५ हजारांच्या आसपास करारबद्ध मजूर तिथे नेले गेले. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे, तमिळ बोलणारे. बेटाच्या उत्तर टोकाला बास-पॉइंत नावाचे गाव आहे, तिथे या मजुरांची मोठी वस्ती झाली. आणि त्याच गावात २६ जून १९१३ रोजी एका काळ्या कुटुंबात एमे सेझेर यांचा जन्म झाला.

अमेरिकेतील निग्रो साहित्याची चर्चा मराठी दलित साहित्याच्या व्यासपीठांवर पुष्कळ झाली. फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या जगाची त्या मानाने कमी झाली. सेझेर शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. तिथे सेनेगालचे सेंगोर आणि गयानाचे दामा हे त्यांना भेटले. 'नेग्र' हा शब्द गोऱ्यांच्या तोंडी शिवी होता. या तरुणांनी ती शिवीच उचलून छातीवर पदकासारखी लावली आणि तिच्यातून 'नेग्रित्यूद' हा विचार उभा केला. आम्ही काळे आहोत आणि त्याची आम्हाला लाज नाही, एवढाच त्याचा सोपा अर्थ. परत आल्यावर सेझेर फोर्ट-द-फ्रान्स या राजधानीच्या शहरातील शाळेत शिक्षक झाले. फ्रांझ फॅनन हा त्याच शाळेचा विद्यार्थी.

दुसरे महायुद्ध संपले, त्या १९४५ सालात सेझेर कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर आधी महापौर आणि मग खासदार झाले. नुकती तिशी ओलांडलेली. आणि १९४६ च्या १९ मार्चचा तो प्रसिद्ध कायदा झाला. मार्टिनिक, ग्वाडेलूप, गयाना आणि रेयुनियन या चार जुन्या वसाहतींना फ्रान्सच्या जिल्ह्यांचा दर्जा देणारा हा कायदा संसदेत मांडणारे सेझेरच होते. वसाहतवादाचा शत्रू म्हणवणारा माणूस वसाहतीला मालकाच्या घरातच कायमची बांधून टाकतो, ही टीका त्यांच्यावर तेव्हापासून आजपर्यंत होत आली. टीका करणे सोपे आहे. पण त्या वेळच्या मार्टिनिकमधील उसाच्या फडावरील मजुराला काय हवे होते? त्याला फ्रान्समधील मजुराइतकी मजुरी हवी होती, दवाखाना हवा होता, म्हातारपणी पेन्शन हवे होते. बेकेच्या मर्जीवर जगण्यापेक्षा कायद्याच्या छत्राखाली जगणे त्याला सुरक्षित वाटत होते. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला समता आधी भाकरीच्या रूपात दिसते.

आणि ती समता मिळाली काय? कागदावर लगेच मिळाली. प्रत्यक्षात फ्रान्समधील किमान वेतन आणि मार्टिनिकमधील किमान वेतन एक व्हायला १९९६ साल उजाडले! पन्नास वर्षे! दरम्यान फ्रान्सहून आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना महागाईपोटी वाढीव पगार मिळत असे. तो स्थानिक नोकरांनाही मिळावा म्हणून १९५० च्या दशकात मोठे संप झाले, तेव्हा ४० टक्के वाढ सर्व सरकारी नोकरांना लागू झाली. त्यातून सरकारी नोकरांचा एक सुखवस्तू वर्ग तयार झाला आणि फडावरचा मजूर होता तिथेच राहिला. या वर्गाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

१९५६ मध्ये सेझेर यांनी कम्युनिस्ट पक्ष सोडला. २४ ऑक्टोबर रोजी फ्रेंच पक्षाचे सरचिटणीस मोरिस तोरेझ यांना त्यांनी लिहिलेले पत्र जगभर गाजले. स्टालिनच्या काळातील अत्याचार उघडकीला आले होते, हे एक कारण. त्याच वर्षी फ्रेंच कम्युनिस्ट खासदारांनी अल्जेरियातील दडपशाहीसाठी सरकारला विशेष अधिकार देणाऱ्या ठरावाला मत दिले होते, हे दुसरे. पण मूळ दुखणे वेगळेच होते. काळ्यांचा प्रश्न हा कामगारांच्या मोठ्या प्रश्नाचा एक छोटा तुकडा आहे, क्रांती झाली की तो आपोआप सुटेल, तोवर थांबा, असे गोरे कॉम्रेड सांगत. सेझेर यांनी सुनावले की, विचारसरणी माणसांसाठी असते, माणसे विचारसरणीसाठी नसतात. आणि आमच्या वतीने विचार करण्याचा मक्ता आम्ही कोणालाही दिलेला नाही, मित्रालाही नाही. मोठ्या भावाने हात धरून चालवावे आणि धाकट्याने चालावे, हे नाते त्यांनी झिडकारले. मित्राच्या घरातही आपल्याला ओसरीवरच बसवले जाते, हा अनुभव ज्यांच्या वाट्याला आला त्यांना या पत्रातील चीड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

२२ मार्च १९५८ रोजी मार्टिनिक पुरोगामी पक्षाची स्थापना झाली. संस्थापकांत सेझेर यांच्याबरोबर डॉ. पिएर आलिकेर होते. या माणसाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. त्यांचे बंधू आंद्रे आलिकेर हे कम्युनिस्टांच्या 'जस्टिस' या पत्राचे संपादक. एका बलाढ्य बेके मळेवाल्याची करचोरी त्यांनी छापून उघड केली. जानेवारी १९३४ मध्ये त्यांचे हातपाय बांधलेले प्रेत समुद्रकिनाऱ्यावर सापडले. खऱ्या सूत्रधाराला शिक्षा झाली नाही. तेव्हापासून पिएर आलिकेर यांनी पांढऱ्याशिवाय दुसरा कपडा अंगाला लावला नाही. १०६ वर्षे जगून २०१३ मध्ये ते गेले, तोवर पांढराच पोशाख. जवळपास ऐंशी वर्षांचे ते सुतक होते. दशकानुदशके ते नगरपालिकेत सेझेर यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि शहराचा कारभार सांभाळला. पक्ष भाषणे करणाऱ्यांमुळे मोठा दिसतो, पण तो टिकतो अशा माणसांवर.

पक्ष निघाला तेव्हाच पहिली कसोटी आली. सप्टेंबर १९५८ मध्ये दे गॉल यांच्या नव्या राज्यघटनेवर सार्वमत होते. साहित्यिक मंत्री आंद्रे मालरो यांना दे गॉल यांनी मार्टिनिकला धाडले. सेझेर यांचे मन वळले आणि पक्षाने 'होय' म्हणून मत देण्याचे आवाहन केले. अधिक अधिकार मिळतील ही आशा होती. मिळाले काय? डिसेंबर १९५९ मध्ये एका किरकोळ वाहन अपघाताच्या भांडणातून फोर्ट-द-फ्रान्समध्ये तीन दिवस दंगल उसळली आणि त्यात तीन तरुण मारले गेले. पुढच्याच वर्षी सरकारने हुकूम काढला की, बेटावरचा जो सरकारी नोकर गडबड करील असे वाटेल, त्याला उचलून फ्रान्सला पाठवता येईल. १९६३ पासून तर सरकारी खात्यामार्फत बेटावरच्या तरुणांना कामासाठी फ्रान्सला नेण्याची मोहीमच सुरू झाली. साखर कारखाने बंद पडत होते, पोरे जहाजात बसत होती, पॅरिसच्या इस्पितळांत आणि टपालखात्यात खालच्या जागा भरत होती. आणि तिकडून गोरे अधिकारी बेटावर येत होते. लोकांची अदलाबदल करून एक समाजच पुसून टाकण्याचा हा प्रकार आहे, असा घणाघात सेझेर यांनी केला.

या अनुभवांतूनच पक्षाने स्वायत्ततेची मागणी पक्की केली. स्वातंत्र्य नव्हे, स्वायत्तता. मार्टिनिक हे एक राष्ट्र आहे, आपल्या शाळा, आपला व्यापार, आपली जमीन यांचे निर्णय आपण घ्यावेत. फ्रान्सशी नाते राहील, पण मालक-नोकराचे नको, अशी ती भूमिका. फ्रान्स सरकारचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारी आणि राज्यपाल एकत्र केल्यासारखा अधिकारी, बेटावर बसून सारा गाडा हाकत होता. ते बदलायचे होते.

पण खरे सांगायचे तर पक्षाची ताकद स्वायत्ततेच्या ठरावांत नव्हती. ती फोर्ट-द-फ्रान्सच्या नगरपालिकेत होती. बंद पडलेल्या मळ्यांतून उठून हजारो कुटुंबे राजधानीत आली आणि डोंगरउतारांवर, खाडीच्या चिखलात, तेल कंपनीच्या पडीक जागेवर पत्र्याची खोपटी बांधून राहिली. त्रेनेल, व्होल्गा-प्लाज, टेक्साको ही त्या वस्त्यांची नावे. सरकारी कायद्याच्या भाषेत ती सारी अतिक्रमणे. सेझेर यांच्या नगरपालिकेने बुलडोझर न पाठवता पाण्याचे नळ पाठवले, वीज पाठवली, पायऱ्या आणि गटारे बांधली. कारखान्यातून फेकल्या गेलेल्या माणसाला नगरपालिकेत काम दिले. या वस्त्यांतील बायाबापड्यांना सेझेर यांची कविता वाचता येत नव्हती, ती कळायला आम्हालाही जड जाते; पण नळ कोणी आणला हे त्यांना पक्के ठाऊक होते. टेक्साको वस्तीवर पुढे पात्रिक शामोआझो यांनी कादंबरी लिहिली आणि तिला १९९२ चा गोंकूर पुरस्कार मिळाला.

याची दुसरी बाजूही आहे. नगरपालिकेच्या नोकरीत पक्षाचे माणूस आणि पक्षात नगरपालिकेचे नोकर, असे वर्तुळ तयार झाले. उपकार आणि मत यांची देवघेव सुरू झाली. 'बापा सेझेर' म्हणत लोक त्यांच्या पाया पडू लागले. बाप म्हटला की त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. पक्षाचे अध्यक्षपद १९५८ पासून २००५ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. कोणत्या चळवळीत असे झाले नाही, असे विचारून आम्ही हा दोष धुऊन टाकणार नाही. तो दोषच होता.

आता त्या मूळ कोड्याकडे येऊ. १९८१ मध्ये फ्रान्समध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले. डावे सत्तेवर आले, विकेंद्रीकरणाचे वचन देत आले. सेझेर त्यांच्या बाजूने होते. आणि मार्टिनिकच्या मतदारांनी काय केले? सुमारे ८० टक्के मते उजव्या जिस्कार देस्तँ यांना दिली! का? तर डावे आले की स्वायत्तता येईल, स्वायत्तता आली की स्वातंत्र्य येईल, आणि स्वातंत्र्य आले की पेन्शन, भत्ते, सामाजिक सुरक्षेचे पैसे बंद होतील, ही भीती घरोघर पोचवली गेली होती. पोचवणारे कोण हे सांगायला नको. पण भीती निव्वळ खोटी होती असेही म्हणता येत नाही. शेते ओस पडली होती, कारखाने गेले होते, ताटातला तांदूळसुद्धा जहाजाने येत होता. हात बांधून ठेवायचे आणि मग विचारायचे, सोडू का? पडशील हं! हीच वसाहतवादाची शेवटची आणि सर्वांत चलाख खेळी होती.

सेझेर यांनी तो कौल वाचला. २९ मे १९८१ रोजी त्यांनी जाहीर केले की, बेटाच्या दर्जाचा प्रश्न तूर्त स्थगित. आधी विकेंद्रीकरणातून मिळेल ते हाती घेऊ, अर्थव्यवस्था उभी करू. काहींना ही माघार वाटली, काहींना शहाणपण. १९८३ मध्ये पहिले प्रादेशिक मंडळ निवडून आले, सेझेर त्याचे अध्यक्ष झाले. १९८८ नंतर पक्षाचे सरचिटणीस, वकील कामिय दार्सिएर यांनी ती जागा घेतली. पण 'तूर्त' या शब्दाची एक खोड असते. तो लांबत जातो. पक्ष कारभारात रमला आणि स्वाभिमानाची मोकळी पडलेली जागा दुसऱ्यांनी घेतली. उघडपणे स्वातंत्र्य मागणारे आल्फ्रेद मारी-जान १९९८ मध्ये प्रादेशिक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि २०१० पर्यंत राहिले. स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या मतदारांनीच त्यांना निवडले. कारभारी म्हणून माणूस खमका आहे, एवढे त्यांना पुरे होते.

सेझेर १९९३ मध्ये संसदेतून आणि २००१ मध्ये महापौरपदावरून निवृत्त झाले. तरी डिसेंबर २००५ मध्ये ९२ वर्षांच्या या म्हाताऱ्याने फ्रान्सला पुन्हा एकदा दणका दिला. वसाहतवादाची 'सकारात्मक भूमिका' शाळेत शिकवावी, असे कलम त्या वर्षीच्या एका कायद्यात घुसवले गेले होते. गृहमंत्री सार्कोझी मार्टिनिकला येणार होते. सेझेर यांनी त्यांना भेटायला नकार दिला. दौरा रद्द झाला आणि २००६ च्या सुरुवातीला ते कलमही गेले. १७ एप्रिल २००८ रोजी सेझेर वारले. फ्रान्सने शासकीय इतमामाने अंत्यविधी केला. तेव्हा सार्कोझी राष्ट्राध्यक्ष होते, तेही आले.

नेता गेल्यावर पक्षाचे काय होते? जे सगळीकडे होते तेच. २००५ मध्ये अध्यक्षपद सर्ज लेचिमी यांच्याकडे आले. शिक्षणाने ते नगररचनाकार, टेक्साको वस्तीच्या सुधारणेत काम केलेले. ज्येष्ठ सिनेटर क्लोद लीझ लवकरच बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. दोघेही सेझेर यांचे वारस म्हणवत होते.

आणि मग आले २०१०. त्याआधी २००३ मध्ये दोन मंडळांऐवजी एकच सभागृह असावे काय, या साध्या प्रश्नावर सार्वमत झाले होते आणि ५० टक्क्यांच्या जेमतेम वर मते 'नको'ला पडली होती. २००९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महागाईविरुद्ध ३८ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला, बेट ठप्प झाले. त्यानंतर सार्कोझी यांनी १० जानेवारी २०१० रोजी सार्वमत ठेवले : फ्रेंच घटनेच्या ७४ व्या कलमाखाली स्वायत्तता हवी काय? ज्या प्रश्नासाठी पक्षाने अर्धे शतक घालवले, तोच प्रश्न मतपत्रिकेवर छापून आला. मारी-जान आणि लीझ 'होय'च्या बाजूने उभे राहिले. आणि सेझेर यांचा पक्ष 'नाही'चा प्रचार करत गावोगाव फिरला! लेचिमी यांचे म्हणणे असे की, अधिकार कोणते, पैसा किती, हे काहीच ठरलेले नाही, सारे मतदानानंतर पॅरिसमध्ये ठरणार. कोऱ्या कागदावर अंगठा कसा द्यायचा? सध्याच्या ७३ व्या कलमातच राहून अधिक अधिकार मिळवण्याचा तिसरा मार्ग आहे. निकाल लागला. ७९ टक्के 'नाही'. दोन आठवड्यांनी ७३ व्या कलमाखाली एकच सभागृह करण्याच्या प्रश्नाला ६८ टक्के 'होय' मिळाले, तेही जेमतेम एक तृतीयांश मतदार केंद्रावर आले तेव्हा. मार्चमधील निवडणुकीत लेचिमी यांनी मारी-जान यांना हरवून प्रादेशिक मंडळ जिंकले.

हा डावपेच होता की दगा? आम्ही यावर बराच विचार केला. कोऱ्या कागदाचा मुद्दा खोटा नव्हता. १९४६ चा अनुभव गाठीशी असलेल्या पक्षाने पॅरिसच्या तोंडी वचनावर विश्वास ठेवावा कशाला? पण ज्या सरकारी नोकर वर्गाला, पेन्शनवाल्या वर्गाला बदलाची धास्ती होती, त्याच धास्तीवर ही निवडणूक जिंकली गेली, हेही तितकेच खरे. १९८१ मध्ये ज्या भीतीने सेझेर हरले, तीच भीती २०१० मध्ये त्यांच्या पक्षाने स्वतःच्या नांगराला जुंपली. मागणी लांबणीवर टाकणे आम्ही समजू शकतो. आपल्याच मागणीची लोकांना भीती घालणे आमच्या पचनी पडत नाही.

लेचिमी भ्याड आहेत असे मात्र कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्रान्सच्या गृहमंत्र्याने सर्व संस्कृती सारख्या मोलाच्या नसतात असे तारे तोडले, तेव्हा संसदेत उभे राहून अशाच विचारातून छळछावण्या जन्मतात, असे त्यांनी तोंडावर सुनावले. पंतप्रधानांसह सारे मंत्रिमंडळ सभागृह सोडून गेले.

२०१५ मध्ये नव्या एकत्रित सभागृहाची निवडणूक स्वातंत्र्यवादी मारी-जान यांनी उजव्यांशी हातमिळवणी करून जिंकली. (होय, उजव्यांशी. युतीचे राजकारण सर्वत्र असेच रंग दाखवते.) २०२१ मध्ये लेचिमी यांनी ती सत्ता परत मिळवली. त्यांच्या काळात २०२३ मध्ये बेटाला लाल-हिरवा-काळा ध्वज मिळाला, फ्रेंचच्या जोडीने क्रिओल ही अधिकृत भाषा असल्याचा ठराव झाला. प्रीफेक्टने तो ठराव न्यायालयात खेचला.

पण तोवर नवी पिढी रस्त्यावर आली होती. राजधानीच्या मैदानावर नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिचा पुतळा होता. ती या बेटावरच्या मळेवाल्याची मुलगी, आणि १८०२ मध्ये गुलामगिरी चालू ठेवणारा तो नेपोलियन. १९९१ मध्ये कोणीतरी त्या पुतळ्याचे डोके उडवले. सेझेर यांच्या नगरपालिकेने ते पुन्हा बसवले नाही आणि पुतळा हटवलाही नाही. बिनडोक्याची ती राणी तीस वर्षे तशीच उभी होती. जुलै २०२० मध्ये तरुणांनी ती पाडली. त्याआधी २२ मे रोजी त्यांनी मुक्तीचा हुकूम काढणाऱ्या शोलशेरचेही पुतळे पाडले. आमची मुक्ती आम्ही मिळवली, ती दान म्हणून का दाखवता, हा त्यांचा सवाल. मळ्यांवर १९७२ ते १९९३ या काळात फवारलेले क्लोरडेकोन हे विष आज बेटावरील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात आढळते; खुद्द फ्रान्समध्ये त्यावर १९९० मध्येच बंदी आली होती. ही पिढी ते रक्त घेऊन जन्माला आली.

सप्टेंबर २०२४ मध्ये महागाईविरुद्ध पुन्हा उद्रेक झाला. फ्रान्सपेक्षा बेटावर खाण्याचे पदार्थ सुमारे ४० टक्क्यांनी महाग आहेत. दुकानांची साखळी आणि आयात अजूनही थोड्याच हातांत, त्यांत बेके घराणी आहेतच. रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली, संचारबंदी आली. या वेळी सत्तेच्या खुर्चीवर सेझेर यांचा पक्ष होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फोर्ट-द-फ्रान्सची खासदारकी त्याच्या हातून समाजवादी पक्षाकडे गेली होती. १६ ऑक्टोबर रोजी लेचिमी, प्रीफेक्ट आणि व्यापारी यांनी सुमारे ६ हजार वस्तूंचे भाव सरासरी २० टक्क्यांनी उतरवण्याच्या करारावर सह्या केल्या. आंदोलन पुकारणाऱ्या संघटनेने सही केली नाही. सर्व खाद्यपदार्थांचे भाव फ्रान्सइतके करा, असे सांगून तिचे लोक रस्त्यावरच राहिले.